हवा खायला आलेली माणसं

मुंबईच्या शाळांच्या परीक्षा संपल्या की तळेगाव स्टेशनावर माणसं उतरायला लागायची. पॅसेंजरमधून आधी वळकट्या खाली यायच्या, मग ट्रंका, मग लोणच्याच्या बरण्यांची पिशवी जपून, आणि सगळ्यांत शेवटी एखादी आजी, दोघांनी हाताला धरून उतरवलेली. बाहेर टांगे उभे असायचे. टांगेवाल्यांना पत्ता सांगावा लागत नसे. कोण कुठल्या बंगल्यात उतरतं, कोण कुठल्या खानावळीत, हे त्यांना मागच्या वर्षीपासून ठाऊक असायचं. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे असेच, वर्षानुवर्षांचे.

आजोबांनी स्टेशनाजवळ ओळीनं खोल्या बांधल्या आणि जेवणासह राहायची सोय सुरू केली ती 1930 नंतर. कल्याण-पुणे मार्गावर 1929 साली विजेची गाडी धावायला लागली होती. गिरगाव-दादरच्या नोकरदाराला मे महिना घाटावर काढणं तेव्हापासून आवाक्यात आलं. महाबळेश्वर साहेबांचं आणि संस्थानिकांचं, माथेरान पेढीवाल्यांचं, लोणावळा-खंडाळा गिरणीमालकांचं, असा त्या काळचा ढोबळ हिशोब होता. तळेगावातही श्रीमंतांचे बंगले होते, पण इथला खरा पाहुणा म्हणजे कारकून, मास्तर, पोस्टातला, रेल्वेतला माणूस. तो येताना बायकापोरं, म्हातारे आईवडील आणि एखादी विधवा आत्या यांना घेऊन यायचा, आठवडाभर राहून स्वतः कामावर परत जायचा आणि पुढे शनिवार-रविवारी ये-जा करायचा. घरचे मात्र मृगापर्यंत इथेच.

इथल्या हवेला कारण होतं. लोणावळा अगदी घाटमाथ्यावर, तिथं पाऊस आणि धुकं भिंतींना बुरशी आणतं. तिथून तीसेक किलोमीटर पूर्वेला तळेगावापर्यंत येताना ढगातलं बरंचसं पाणी सरून गेलेलं असतं. उंची मात्र लोणावळ्याच्या तोडीची, दोन हजार फुटांहून थोडी जास्तच. म्हणून इथली हवा कोरडी आणि हलकी. दुपारी ऊन कितीही तापलं तरी दिवेलागणीच्या आत पश्चिमेचा वारा सुटायचा आणि रात्री पांघरूण लागायचं. मुंबईचे डॉक्टर आजारातून उठलेल्या माणसाला इकडे पाठवायचे. गावात तळेगाव जनरल हॉस्पिटल अँड कॉन्व्हॅलेसंट होम नावाची संस्थाच उभी राहिली, यावरून आजारपणानंतरच्या विश्रांतीसाठी या गावाचं नाव केवढं होतं ते कळावं.

क्षयाला तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती आणि देवाचं नाव, एवढाच उपचार. आमच्याकडे चालू आजाराचा रोगी ठेवत नसत, पण बरा होत आलेला माणूस कोण आणि लपवून आलेला कोण, हे ओळखायचं काम आजीचं. ती काही विचारायची नाही. पहिल्या दिवशी चहा द्यायला स्वतः जायची, दोन मिनिटं उभी राहायची, खोकला ऐकायची, उशाशी ठेवलेला रुमाल बघायची. तशा पाहुण्याच्या फुलपात्राच्या गळ्याला ती दोरा बांधून ठेवायची. ते भांडं वेगळं, चुलीवर वेगळं उकळलं जायचं, आणि त्या खोलीची गादी रोज दुपारी बाराच्या उन्हात दगडी कट्ट्यावर टाकायची. दोरा का बांधला ते पाहुण्याला कळू नये म्हणून आणखी चार फुलपात्रांना तसलाच दोरा बांधलेला असे. मी ही भांडी विसळायला विहिरीवर न्यायची, तेव्हा आजीनं मला ते कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती. तिचा तो शहाणपणा मला आजही मोठा वाटतो. रोगाची भीती होतीच, पण रोग्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ही जाण तिला कुणी शिकवलेली नव्हती.

आमच्या घरचा उन्हाळा होळीपासून सुरू व्हायचा. पिंजारी यायचा, सगळ्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचा. परसात दोन दिवस त्या धनुकलीचा आवाज आणि हवेत उडणारे कापसाचे तंतू. भिंतींना चुना, दारांना तेलपाणी. तांब्याचे बंब चिंचेनं घासून लखलखीत. गवळ्याला रतीब वाढवायला सांगायचा. मग पोस्टकार्डं यायला लागत, 'दरसालची कोपऱ्यातली खोली ठेवावी', आणि पाठोपाठ मनीऑर्डरनं आगाऊ रक्कम. आजोबा चोपडीत नोंद करायचे. त्या चोपडीत नावापुढे खोली असेच, शिवाय कोणाला भाकरी लागते, कोणाला रात्री भात चालत नाही, कोणाच्या मुलाला कुत्र्याची भीती वाटते, हेही लिहिलेलं. आजोबांचं अक्षर मोडीच्या वळणाचं होतं. आम्हा मुलांना ते वाचता यायचं नाही आणि काकू मात्र धडाधड वाचायची.

चैत्रात डोळसनाथाचा उत्सव. गावचं दैवत, त्यामुळे लवकर आलेले पाहुणेही पालखीला आणि कुस्त्यांना आमच्याबरोबर. मग चैत्रगौर, तिची आंबेडाळ आणि पन्हं. मुंबईच्या बायका ओसरीवर बसून गौरीची आरास करायला लागायच्या, आणि कुणाच्या घरची गौर आहे हे विसरायला व्हायचं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या बंगल्याकडे लोकांची रीघ लागायची. डॉ. आंबेडकरांचा हा बंगला तळेगावातच. आता तिथं त्यांच्या स्मृतींचं जतन केलेलं आहे.

त्या बंगल्याचा विचार मी मोठी झाल्यावर केला. अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्याच्या नोकरीत असताना कुठं खोली मिळेना. एका पारशी उतारशाळेत ते नाव बदलून राहिले आणि कळल्यावर जमावानं त्यांना तिथून बाहेर काढलं. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांचं घर असलेल्या या गावात, आमच्यासारख्या खानावळींत, खोली मागायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. त्या काळच्या आपुलकीच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट गाळली तर ते खोटं होईल. आजीनं फुलपात्रांना बांधलेला दोरा आणि ओसरीवरचा तो आडनावाचा प्रश्न, दोन्ही एकाच घरातले.

सकाळी सातच्या सुमारास कातकरी बायका डोंगराकडून पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन यायच्या. मेच्या मध्यावर जांभळं. पाहुण्यांच्या पोरांचे सदरे आणि जिभा जांभळ्या व्हायच्या. नदीवर कुठं उतरायचं, कुठं डोह आहे, कुठला दगड निसरडा, हे या बायका मुलांना सांगायच्या, आणि शहरातल्या आया निर्धास्त व्हायच्या. दुपारी गाव झोपायचं. चारला चहा, पाचला फिरायला.

पावसानं अडवलं नाही तर फिरायला जायचं ते तळ्याकडे. आजोबा पुढे, धोतराचा सोगा हातात, मागे पाहुण्यांची रांग. तळ्याच्या काठावर उभं राहून ते दरवर्षी तेच सांगायचे आणि दरवर्षी ऐकणारे नवे भेटायचे. सरसेनापती खंडेराव दाभाडे, डभोईच्या लढाईत 1731 साली पडलेले त्रिंबकराव, आणि त्यांच्यामागे दाभाड्यांची दौलत सांभाळणाऱ्या उमाबाई. मग 1779 चा जानेवारी. मुंबईहून घाट चढून आलेली इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत पोचली, आणि समोर पाहते तो गाव ओस, दाणावैरण नाही. फौज माघारी वळली, मराठ्यांनी वडगावला कोंडली, आणि इंग्रजांना तह करावा लागला. 'पुण्याच्या इतक्या जवळ येऊन इथनं परत गेले,' असं म्हणताना आजोबा काठी जमिनीवर टेकवायचे. पलीकडे इंद्रायणीच्या खोऱ्यावर भंडाऱ्याचा डोंगर दिसायचा, तिकडे बघून म्हाताऱ्या बायका तुकोबांना हात जोडायच्या.

एखादा दिवस काचकारखान्याचा. पैसा फंडाचा हा कारखाना म्हणजे तळेगावची शान. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत देशी उद्योगासाठी निधी जमवला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिलं, आणि 1908 साली इथं काचेची भट्टी पेटली. परदेशात ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिचे पहिले जाणकार. इथं तयार झालेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेले. आम्ही मुलं पाहुण्यांच्या पोरांना घेऊन जायचो. भट्टीच्या तोंडात कारागीर लांब लोखंडी नळी घालायचा, फिरवायचा, आणि टोकाला तांबडालाल गोळा घेऊन बाहेर काढायचा. नळी सतत फिरती ठेवायची, थांबली की गोळा ओघळणार. मग तो गाल फुगवून फुंकर घालायचा, गोळा आतून पोकळ होत जायचा, साच्यात उतरायचा, आणि साचा उघडला की बरणी. तिची धग उतरेपर्यंत तिच्या अंगात नारिंगी, मग लाल, मग हिरवट रंग दिसायचा. मेच्या उन्हात त्या भट्टीपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दंडावर घामाचं मीठ साचलेलं असायचं. मुंबईची पोरं एकदम गप्प होऊन बघायची.

संध्याकाळी अंगणात सतरंज्या. पेन्शनर मंडळींत हमखास एखादा समर्थ विद्यालयाची आठवण काढायचा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी 1906 साली कोल्हापूरला काढलेली ही राष्ट्रीय शाळा पुढे तळेगावात आली आणि 1910 साली सरकारनं बंद पाडली. नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळाच्या रूपानं ती परंपरा इथं टिकली. वाचनाची आवड असलेले पाहुणे गो. नी. दांडेकरांचं घर विचारायचे. अप्पा तळेगावकरच. किल्ल्यांवर जाणारा आणि पोथ्यापुराणांत रमणारा हा माणूस आपल्या गावचा, याचा आम्हांला अभिमान होता.

हे सगळं ज्यांच्या कष्टावर उभं होतं त्या बायकांबद्दल फार कमी बोललं जायचं. आजी आणि काकू पहाटे चारला उठायच्या. विहिरीचं पाणी, बंब पेटवणं, दोन वेळच्या पंगती, मधली आजाऱ्यांची पेज, मुलांचा खाऊ. पाहुण्यांच्या सुट्टीत त्यांना सुट्टी नसायची. काकूचं माहेर जुन्नरकडचं, आणि मे महिन्यात ती माहेरी गेल्याचं मला आठवत नाही. तिच्या भावाचं लग्न वैशाखात निघालं तेव्हाही ती हळदीला पोचली नाही, अक्षता टाकून त्याच दिवशी परत आली. या उन्हाळ्यांच्या आठवणीनं पाहुण्यांच्या मुलांचे डोळे पाणावतात. काकूच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा धूर येतो.

पाहुणे कमी होत गेले ते एकदम नाही. पहिला धक्का औषधानं दिला. स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि क्षय बरा व्हायला लागला. मद्रासला 1956 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात दिसलं की घरी राहून नेमानं औषध घेणारा रोगी सॅनिटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. हवेसाठी गाव सोडायची गरजच उरली नाही. आमच्या याच रेल्वेमार्गावर, पिंपरीला, 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथं आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार व्हायला लागलं. जे कारखाने पुढे आमच्या दारापर्यंत आले त्यांतला हा जवळजवळ पहिला, आणि त्यानं आमचं गिऱ्हाईक बरं करून घरी ठेवलं. आजोबांना याचं वाईट वाटलं नाही. 'माणसं मरायची थांबली, आणखी काय पाहिजे,' असं ते म्हणाल्याचं काकू सांगते.

गिरणीच्या कचेऱ्यांतले पाहुणे 1982 च्या संपानंतर दिसेनासे झाले. त्यांच्यातल्या एकानं दोन वर्षं पोस्टकार्ड पाठवलं, 'यंदा जमत नाही, खोली दुसऱ्यास द्यावी.' तिसऱ्या वर्षी तेही आलं नाही. बाकीच्यांची मुलं नोकरीला लागली आणि कंपनीच्या प्रवासभत्त्यावर सिमला, उटी करायला लागली. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली आणि चाकरमान्यांचा मे महिना पुन्हा कोकणाकडे वळला. इकडे पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावत होतीच. राहायला येणारं गाव हळूहळू रोज जाऊन-येऊन नोकरी करायचं गाव झालं. द्रुतगती मार्ग 2002 ला पुरा झाला, तोवर मोठमोठ्या बंगल्यांच्या आंब्याफणसांच्या जागी इमारतींचे पाये खणले जात होते.

आमच्या खोल्या पाडून तिथं आता तीन मजली लॉज आहे. भाचा चालवतो. त्याचा धंदा आजोबांपेक्षा किती तरी चांगला आहे, आणि ते मी मनापासून सांगते, कारण त्यानं कष्टानं उभा केलाय. तळेगावच्या एमआयडीसीत 2008 साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला तेव्हा त्यानं पहिलं कर्ज काढलं. 2020 च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं तेव्हा त्याची झोप उडाली, आणि 2023 साली ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यानं वरच्या मजल्याला रंग काढला. चाकणचे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे, त्यांची यंत्रं बसवणारे, या सगळ्यांचं येणंजाणं सोमवार ते शुक्रवार. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची. नोंद संगणकात असते. नाव, कंपनी, जीएसटी नंबर. भाकरी की पोळी, हे त्यात येत नाही, कारण पाहुणा सकाळी सातला कंपनीच्या गाडीत बसतो आणि रात्री नऊला येऊन झोपतो.

एप्रिल-मे हा आता कारखान्यांच्या शटडाऊनच्या, म्हणजे यंत्रं थांबवून करायच्या दुरुस्तीच्या कामांचा काळ. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्या तुकड्या येतात, चारजण मिळून एक खोली घेतात. बिहार, ओडिशा, तमिळनाडू, कुठकुठली मुलं. त्यांना तळेगावला तळं आहे हे माहीत नसतं, आणि सांगितलं तरी जायला वेळ कुठला. आडनाव त्यांना कुणी विचारत नाही, आधारकार्डाची प्रत घेतली की झालं. एका गोष्टीत आपण पुढे आलो ती ही, आणि ती लहान नाही.

वारा अजून सुटतो. पण चाकण रस्त्याच्या बाजूची खिडकी उघडली की कंटेनरांचे हॉर्न आणि धूळ आत येते, म्हणून सगळ्या खोल्यांना एसी आहे आणि खिडक्यांना पक्क्या काचा. भर मेमध्ये टँकरचं पाणी घ्यावं लागतं. परसातली विहीर पार्किंगखाली गेली.

जुन्या अर्थानं हौशी पाहुणा येतो तो आता पावसाळ्यात, आणि एका दिवसापुरता. पूर्वी वळवाची पहिली सर आली की पाहुणे सामान बांधायला लागायचे. आता पहिली सर आली की गाड्यांच्या रांगा लागतात. भुशी धरण, पवना, कुंडमळा. तळेगावजवळच्या कुंडमळ्यात 15 जून 2025 ला, रविवारी, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला आणि चार माणसं गेली. पूल धोकादायक होता आणि तसा इशाराही होता. त्या दिवसापासून मला सारखं वाटतं, महिनाभर राहणारा माणूस नदीला ओळखायला लागायचा. करवंदवाली त्याच्या मुलाला नाव घेऊन हाक मारायची आणि डोहाकडे जाऊ नको म्हणून दटावायची. दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला दटावणार कोण? फलक त्याला वाचायचा नसतो, आणि गावकऱ्याचं ऐकायला त्याची गावाशी ओळख नसते. म्हणून पक्का पूल तर हवाच, पण पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी तिथं गावातलीच, नदी माहीत असलेली माणसं पगार देऊन उभी करायला हवीत.

महिना-महिना राहणारे पाहुणे अगदीच संपले असंही नाही. तळेगावात 1995 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठं रुग्णालय आहे. मावळातून, खेडमधून, कधी त्याहून लांबून रोगी येतात. रोग्याला खाट मिळते, नातेवाइकांचं काय? कोणी जिन्याखाली झोपतं, कोणी वडापाववर आठवडा काढतं. दोन वर्षांपूर्वी एक बाई काऊंटरवर आली. नवऱ्याचं मोठं ऑपरेशन झालेलं, किती दिवस लागतील ते माहीत नाही, रोजचं भाडं झेपत नाही. भाच्यानं दर कमी करून सांगितला. काकू तिथंच खुर्चीत बसलेली होती. ती म्हणाली, "भाड्याचं नंतर बघ. त्या पेशंटला पेज कोण देतंय ते विचार आधी."

तेव्हापासून तळमजल्याच्या मागच्या दोन खोल्या कंपनीच्या बुकिंगला द्यायच्या नाहीत असं ठरलंय. तिथं भाडं महिन्याचं, एक गॅसची शेगडी, चार पातेली, आणि डबा भरून न्यायला स्टीलची कॅन. भाचा कुरकुरला नाही असं नाही, मे महिन्यात त्या दोन खोल्यांचं उत्पन्न बुडतंच. पण आता तो स्वतःच रुग्णालयातल्या समाजसेविकेला फोन करून कुणाला गरज आहे का ते विचारतो. या आठवड्यात राजगुरुनगरकडची एक आजी आणि तिची सून आहेत. सुनेला चुलीची सवय, गॅस मोठा ठेवते आणि तांदूळ तळाला लागतात. काकू रोज सकाळी काठी टेकत मागे जाते, स्टुलावर बसते आणि तिला गॅस बारीक करायला लावते.